पालखी आता कोणाकडे?

काका बोलायला लागण्याआधी समोर जे काही असेल त्यावर दोनदा बोट वाजवायचे. टेबल, खिडकीची चौकट, पाण्याची बाटली, एकदा तर माझ्या लॅपटॉपची पाठ. टक्, टक्. मग घसा साफ करायचा. मग क्षणभर थांबायचं. आणि मग भारदस्त आवाजात, "कृपया इकडे लक्ष द्यावे. एक चहा, बिनसाखरेचा."

चहावाला दचकायचा. आम्ही हसायचो. यात हसण्यासारखं काय आहे ते काकांना कधीच कळलं नाही.

हे काका म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या बसस्टँडवर गाड्यांच्या घोषणा करणारे कंट्रोलर, आता निवृत्त. तुम्ही कधी तिथे जयगडच्या नाहीतर सावर्ड्याच्या गाडीची वाट बघत ताटकळला असाल, तर चेहरा नाही आठवणार, पण आवाज नक्की आठवेल. मी कॉलेजात होते तेव्हा त्या आवाजावर भरवसा ठेवून एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर कितीदा तरी पळाले आहे. तेव्हा मला वाटायचं, काचेआड बसलेला हा माणूसच सगळ्या गाड्या चालवतो आणि ड्रायव्हर आपले नावाला असतात.

तो आवाज एके संध्याकाळी माझ्या क्लासच्या दारात येऊन उभा राहिला.

मी पुण्यात काही वर्षं काढून घरी परत आले होते. दिवसा पुण्याच्याच एका कंपनीचं काम घरून करायचं आणि संध्याकाळी नाचणे रोडला एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत क्लास घ्यायचा. वेबसाइटचा दर्शनी भाग कसा करतात ते मी शिकवते, म्हणजे माणसाला पडद्यावर जे दिसतं आणि जे दाबता येतं ते सगळं. मिरजोळ्याच्या कारखान्यांतली शिफ्ट करून येणारी मुलं आणि पदवी घेऊन घरी बसलेल्या मुली, असा आमचा वर्ग. दारात पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि काखेत फाइल बघून सगळी उभी राहिली. कोणीतरी तपासणीला आलंय असंच सगळ्यांना वाटलं.

"ॲडमिशन कोणासाठी? मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

काकांनी चौकटीवर बोट वाजवलं. "माझ्यासाठीच."

म्हटलं, निवृत्त माणूस आहे, वेळ जात नसेल, आठवडाभरात कंटाळेल. माझा अंदाज चुकला. मला चुकायला आवडत नाही, त्यामुळे सुरुवातीला मी त्यांच्याशी जरा फणकाऱ्यानेच वागायची. त्याचा काकांवर काडीचा परिणाम झाला नाही. स्टँडवरच्या प्रवाशांचं ऐकून घेतलेल्या माणसाला माझा फणकारा म्हणजे काय!

एकदा क्लास सुटल्यावर जिना उतरताना मी विचारलंच, "काका, हे सगळं शिकून तुम्ही करणार काय?"

काका वर्गात मला मॅडम म्हणायचे, जिन्यात बाय. बोलणंही जिन्यात बदलायचं. वर्गातलं घोषणेचं मराठी वरच राहायचं आणि गावचं मराठी आमच्याबरोबर खाली यायचं.

"सांगतो, बाय. हस हवां तर."

त्यांचं गाव जयगडच्या वाटेवर, कातळाच्या सपाट सड्याच्या खालच्या अंगाला. शिमग्याला तिथल्या ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. प्रत्येक वाडीचा दिवस ठरलेला असतो, पण घराची वेळ कोणी सांगू शकत नाही. एखाद्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पालखी नाचायला लागली की नाचतच राहते. एखाद्या घरची देवीपुढची गाऱ्हाणी, म्हणजे मागणी, लांबतात. घर बंद असलं तर पालखी न थांबता पुढे निघते. काकांचं घर वाडीच्या अगदी टोकाला, आणि ते वर्षभर बंद. काका इकडे रत्नागिरीत एकटे राहतात, लग्न केलं नाही. थोरले भाऊ आणि वहिनी मुंबईला, मुलाकडे.

"आईचं तोंड मला आठवत नाय," काका म्हणाले. "वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होतो. तिनेच मला वाढवलंन. आता दादाचे गुडघे गेले, तो घरातून हलत नाय. वहिनी तेवढी शिमग्याला येते. घर उघडतां तां तेव्हाच. देवीची ओटी तिच्याच हातची."

गेल्या शिमग्याला त्यांनी वहिनींना फोनवर सांगितलं होतं की पालखीला संध्याकाळ होईल, सावकाश ये. मधली बरीच घरं बंद निघाली, चाकरमानी आलेच नव्हते. पालखी दुपारीच काकांच्या खळ्यात. शेजारच्या काकीने ओटी भरली, देवीला तशीच पाठवली नाही. पण वहिनी पोचल्या तेव्हा खळ्यात नुसता गुलाल पडलेला होता.

"काही बोलल्या का?"

"म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. असलो तर."

काका पायरीवर थांबले. मग म्हणाले, "जन्मभर परक्या माणसांना गाडी कधी येते तां सांगितलां. आणि घरच्या माणसाला वेळ चुकीची दिली."

तर काकांना मोबाइलवर उघडेल असं एक पान करायचं होतं. त्यात वाडीतली सगळी घरं आणि पालखी आत्ता कोणाकडे आहे, एवढंच. वहिनींनी वाटेत गाडीतून बघावं आणि वेळेवर यावं. फोन का नको, असं मी विचारलं. "ढोल-ताशात फोन ऐकू येतो होय? आणि आमच्या वाडीच्या ग्रुपचं नाव काढू नको. कोण लिहितो आली, कोण विचारतो कुठे आली, कोण गेल्या वर्षीचा फोटो टाकतो, आणि त्या फोटोला बाकीचे हात जोडतात."

मी म्हटलं, मीच करून देते, किरकोळ काम आहे. तर म्हणाले, "करून दिलेलां नको. बिघडलां तर शिमग्याच्या दिवशी कोणाच्या दारात जाऊ? शिकव."

मग मी माझा फणकारा आवरला आणि शिकवायला लागले.

कंपोनंट ही गोष्ट त्यांना फार आवडली. पडद्याचे छोटे छोटे स्वतंत्र तुकडे करायचे, एक तुकडा एकदाच लिहायचा आणि हवा तितक्या ठिकाणी वापरायचा. मुलं यावर मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. काकांनी घराचा एक तुकडा लिहिला. वर आडनाव, खाली उंबरठ्यासारखी एक रेघ, बाजूला देवीसाठी मोकळी जागा. मग आडनावं बदलून तोच तुकडा एकाखाली एक लावला आणि पडद्यावर अख्खी वाडी उभी राहिली. काका खुर्ची मागे सरकवून बघत बसले.

"एकच घर बांधलां," ते म्हणाले, "आणि सगळी वाडी राहायला आली."

त्यानंतर वाडी नीट बसवण्यात त्यांनी बराच वेळ घालवला. अमक्याचं घर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, वर, तमक्याचं खाली. एक दिवस हळूच विचारलं, "मॅडम, या दोन घरांत मधल्या दगडी गडग्यावरून वाद आहे. यांच्या मध्ये जरा अंतर सोडता येईल का?" मी अंतर कसं सोडायचं ते दाखवलं. काकांनी सोडलं आणि समाधानाने म्हणाले, "कोर्टापेक्षा लवकर मिटलं."

गाडी अडली ती स्टेटपाशी. पहिला धडा सगळीकडे सारखाच असतो. एक बटण, एक आकडा. बटण दाबलं की आकडा वाढला पाहिजे. काकांचा आकडा काही केल्या हलेना. त्यांनी तो साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. आम्ही वापरतो ती लायब्ररी, म्हणजे आयता मिळणारा कोडचा संच, फक्त तिच्या हवाली केलेल्या माहितीवर नजर ठेवते, आणि त्या माहितीला स्टेट म्हणतात. ती बदलली तरच पडदा बदलतो, बाकी तुम्ही आत काय उलाढाली करता त्याचं लायब्ररीला सोयरसुतक नसतं.

"आत वाढतोय मॅडम. मी छापून बघितला."

"पण बाहेर दिसत नाही ना?"

"नाही." काकांनी विचार केला. "म्हणजे गाडी लागली आहे, पण घोषणा झालेली नाही."

"अगदी तसंच."

मला वाटलं, जिंकले. पण दुसऱ्या दिवशी काका कुठल्यातरी जुन्या पुस्तकातून वेगळीच युक्ती शोधून आले. स्टेटच्या भानगडीत न पडता थेट पडद्यावरच्या त्या जागेवर जायचं आणि जुना आकडा खोडून नवा लिहायचा. आकडा वाढत होता आणि काकांची मानही उंच झाली होती. मी म्हटलं, "पडद्याला हात लावायचा नाही."

"का? स्टँडवर फळ्यावर आम्ही काय करायचो? पुसायचं आणि लिहायचं."

"फळा विसरा काका. तुम्ही फक्त माहिती बदला. पडदा आपोआप बदलेल."

आपोआप हा शब्द त्यांना सहन झाला नाही. ते उठून उभे राहिले. टक्, टक्. "मॅडम, आपोआप असं जगात काही नसतं. आपोआपच्या मागे एक माणूस असतो, आणि त्याचा डबा खायचा राहिलेला असतो."

वर्ग खो खो हसला, मीही हसले. पण प्रश्न रास्त होता, आणि आजवर माझ्या एकाही विद्यार्थ्याने तो विचारला नव्हता. मग मी तो सगळा तास त्यावरच घेतला. लायब्ररी आधीचा पडदा कसा लक्षात ठेवते, नवा कसा असायला हवा ते कसं ठरवते, दोन्ही ताडून बघते आणि जेवढा फरक आहे तेवढाच बदलते. काका शेवटपर्यंत एकटक ऐकत होते. "म्हणजे आहे कोणीतरी," एवढंच म्हणाले आणि शांत झाले. त्यानंतर स्टेट बदलून पडदा बदलला की ते पडद्याकडे बघून अगदी हळू आवाजात धन्यवाद म्हणायचे. मुलं नकला करायची. हळूहळू मुलंही म्हणायला लागली.

आमचं खरं वाजलं ते यापुढे. पालखी कोणाकडे आहे ही माहिती ठेवायची कुठे? माझं म्हणणं, वर, सगळ्या घरांच्या डोक्यावर, एकाच जागी ठेवा, आणि घरांनी ती वरून घ्यावी. काकांनी ती घराघरांत वाटून टाकली होती. प्रत्येक घराला स्वतःची स्टेट, माझ्याकडे पालखी आहे की नाही. प्रत्येक घरावर दोन बटणं, एक 'आली' आणि एक 'गेली'. 'आली' दाबलं की त्या घरावर झेंडूचं फूल उमलायचं, 'गेली' दाबलं की मिटायचं. दिसायला फार गोड होतं ते.

"ज्याच्या खळ्यात पालखी, त्यालाच ठाऊक ना?" काका म्हणाले. "त्याच्या घरची बातमी दुसऱ्याने का सांगायची?"

"आणि कोणी 'गेली' दाबायला विसरलं तर?"

"आमच्या वाडीत कोणी काही विसरत नाही. कोणाच्या आजोबांनी कोणाच्या आंब्याची फांदी तोडली तेसुद्धा लक्षात आहे."

मी नाद सोडला. एकाने दाबलेलं सगळ्यांच्या मोबाइलवर दिसावं म्हणून मागचं सर्व्हरचं काम मी केलं होतं. बाकी सगळं काकांच्या हातचं. गावच्या मानकऱ्यांना, म्हणजे तात्यांना, त्यांनी स्वतः जाऊन पान दाखवलं. तात्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "देवीवर पाळत ठेवायची नाय हां, कंट्रोलर." काकांनी समजूत घातली की पाळत कसली, ती कुठे बसलीय तेवढंच दिसणार. "आणि रुसून कोणाच्या खळ्यात बसूनच राहिली तर?" तात्यांनी विचारलं. काका म्हणाले, "मग तसां दिसेल." तात्यांना हे पटलं.

शिमग्याला काकांनी मला गावी बोलावलं. मी सकाळी पोचले तेव्हा घर उघडलेलं होतं, खळं सारवलेलं होतं आणि काका नव्या पांढऱ्या शर्टात मोबाइल हातात धरून फेऱ्या मारत होते. वहिनी आणि पुतण्या मुंबईहून गाडीने निघाले होते. वाडीच्या वरच्या टोकाला ढोल वाजायला लागले. पहिल्या घरावर फूल उमललं. काकांनी धन्यवाद म्हटलं.

थोड्या वेळाने दुसऱ्या घरावर उमललं. पहिलं तसंच होतं.

"गडबडीत असतील," काका म्हणाले. "दाबतील."

तिसरं उमललं, चौथं उमललं. मिटलं मात्र एकही नाही. हळूहळू पाखाडीच्या वरची सगळी ओळ फुलांनी भरली आणि देवी एकाच वेळी निम्म्या वाडीत जाऊन बसली. मी म्हटलं, "देव चराचरात असतो, काका." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा विनोद गिळला.

आम्ही पाखाडी चढून पहिल्या घरी गेलो. नवं लुगडं नेसलेली म्हातारी काकी मोबाइल समोर धरून त्यातल्या फुलाकडे बघत बसली होती.

"काकी, 'गेली' दाबलां नाय तुम्ही."

"मी?" काकीने छातीवर हात ठेवला. "माझ्या हाताने दाबू? आत्ताशी माझ्या खळ्यात येऊन बसली होती देवी. आपण पाव्हण्याला कधी जा म्हणतो काय रे? आणि देवीला म्हणू, गेली म्हणून?"

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याने तर मोबाइल देव्हाऱ्यात ठेवून दिला होता. तां बटण ह्या घरात कोणी दाबणार नाय, असं त्याने आम्हाला बजावलं.

काका पाखाडीवर येऊन उभे राहिले. "मी तरी दाबलां असतां काय, बाय?"

मीही रत्नागिरीचीच. घरातून निघताना येते म्हणते, जाते म्हटलं तर आई अजून ओरडते. ते बटण कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. काकांनी एका कानावर हात दाबून ऐकलं. "काका, निवळी फाट्याला आहोत. पानावर सगळीकडे फुलंच फुलं दिसतात. आईला गाडी लागलीय, जरा पडते म्हणते. तासभर टेकलो तर चालेल काय? वेळ आहे ना?"

गेल्या वर्षीचाच प्रश्न होता. काकांनी एकवार खाली, ढोलांच्या दिशेने बघितलं. मग म्हणाले, "मी वेळ सांगणार नाय. पडू दे तिला. थोड्या वेळाने पान बघ."

वळणावर रेंज चांगली होती. तिथल्या गडग्यावर काकांनी माझ्या पिशवीतला लॅपटॉप काढून उघडला. मी पुढे झाले तर म्हणाले, "नको. तू नुसती बघ." खाली ढोल पुढच्या घराकडे सरकत होते. काका एकेका ओळीवर बोट ठेवून स्वतःशीच बोलत होते. "घरांकडून काढून घ्यायचां. वर एकच ठेवायचां. पालखी कोणाकडे, एक नाव. घराने फक्त बघायचां, तां नाव आपलां काय." त्यांनी प्रत्येक घरातली स्टेट पुसली. ज्या जिद्दीने ती घातली होती त्याच जिद्दीने पुसली. 'आली' बटण राहिलं. कोणी ते दाबलं की वरचं एकुलतं एक नाव बदलणार, आणि बाकीची घरं ते बघून आपापली फुलं मिटणार. 'गेली' बटण त्यांनी मुळासकट काढून टाकलं.

"म्हणजे कोणी काही म्हणायलाच नको," मी म्हटलं.

"आपोआप," काका म्हणाले. वाद न घालता आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले असतील.

पान नव्याने चढवलं आणि पडदा पांढराफटक पडला. एक घर दिसेना. काकांचा चेहराही तसाच झाला. एक कंस राहिला होता, मी बोटाने दाखवला, त्यांनी घातला. वाडी परत आली. सगळी फुलं मावळली होती आणि ढोल वाजत होते त्या एकाच घरावर एक फूल होतं. वरच्या अंगाने कोणीतरी ओरडलं, "बरोबर दाखवतां रे आता!"

पहिल्या घरची काकी मात्र तरातरा खाली आली. "माझं फूल काढलंस?"

"मी नाय काढलां काकी. पुढच्या घरी उमललां."

काकीने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन खात्री केली. "मग ठीक," म्हणाली आणि परत गेली.

पुतण्याचा पुन्हा फोन. "दिसतंय काका. पाखाडीच्या खालच्या पहिल्या घरी ना? आई म्हणते, आपल्याआधी थोडीच घरं राहिली, आत्ताच निघायचं. निघतोय."

त्यानंतरचा वेळ काकांनी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. एकदा रस्त्याकडे बघायचे, एकदा मोबाइलकडे. शेजारच्या घरावर फूल आलं तेव्हा त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि पुन्हा काढला. शेजारच्या खळ्यात पालखी नाचू लागली, आणि त्याच वेळी वरच्या वाटेवर गाडी थांबली.

वहिनी लहानखुऱ्या. मुलाच्या दंडाला धरून पायरी पायरी उतरत आल्या, पण मुळीच घाई न करता. पाय धुतले, आत जाऊन देवापुढे दिवा लावला, ओटीचं ताट घेऊन खळ्यात येऊन उभ्या राहिल्या. मग काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय रे, किती वाळलास!" देवी दारात आलेली असताना ही बाई दिराच्या तब्येतीवर बोलत होती. आई म्हणजे काय, ते मला काकांच्या चेहऱ्यावर दिसलं.

पालखी आत आली. खांदेकऱ्यांनी ती खळ्यात नाचवली, मग खाली टेकवली. वहिनींनी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं सावकाश, एकेक. तात्या गाऱ्हाणं घालायला पुढे झाले आणि त्यांनी विचारलं, "काय मागणं हाय?" वहिनी म्हणाल्या, "मागायचं काय आता. भेट झाली." तात्यांनी गाऱ्हाण्यात तेवढंच घातलं.

काका हात जोडून उभे होते. डोळे मिटलेले. शेजारच्या गडग्यावरून कोणीतरी ओरडलं, "कंट्रोलर, 'आली' दाबा! आमच्याच घरी अडकलीय अजून!" काकांनी डोळे उघडले नाहीत, जोडलेले हात सोडले नाहीत. खिशाकडे मान वळवून नुसतं म्हणाले, "बाय, तू दाब."

मी त्यांच्या खिशातून मोबाइल काढला आणि दाबलं.

काका आता क्लासला येत नाहीत. शिकायचं होतं तेवढं झालं, म्हणतात. पुढच्या बाकावरची त्यांची जागा मुलांनी काही दिवस रिकामी ठेवली, मग नवे विद्यार्थी आले आणि कोणीतरी तिथे बसायला लागलं. स्टेट कुठे ठेवायची हा धडा आला की मी अजून काकांचं पान उघडून दाखवते. असंच वैशाखात दाखवत होते, तर एका मुलीने हात वर केला. "मॅडम, शिमगा कधीच झाला. यात पालखी अजून एका घरी दिसते. हे चुकीचं आहे ना?"

बघितलं तर खरंच. फूल काकांच्या घरावर होतं. सरळ होतं, ते वाडीतलं शेवटचं घर. त्याच्यापुढे 'आली' म्हणायला कोणीच नव्हतं. देऊळ नावाचा एक तुकडा शेवटी जोडायला हवा होता. चूक सापडली की मला राहवत नाही. मी वर्गाबाहेर गॅलरीत जाऊन लगेच फोन लावला आणि काकांना ऐटीत सांगितलं.

"माहीत आहे," काका म्हणाले.

"मग करा ना दुरुस्त. एवढंसं काम आहे."

"करीन. पुढच्या शिमग्याच्या आधी करीन." मग म्हणाले, "वहिनी रोज सकाळी आंघोळ झाली की तां पान उघडते. दादाला पण दाखवते. त्याला गावी येता येत नाय ना. तो विचारतो, पालखी आज कोणाकडे? आणि वहिनी सांगते, आपल्याकडेच."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. वर्गात परत येऊन मुलांना सांगितलं की पान बरोबर आहे, आणि आम्ही पुढचा धडा घेतला.